कागद पंचाहत्तर वर्षांचा, कुलूप किती वर्षांचं?

६ सप्टेंबर १९५०. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर ही तारीख तोंडपाठ असलेली माणसं भेटतात. घरातलं कुणी बारावी झालं किंवा नोकरीचा अर्ज भरायची वेळ आली की जात पडताळणीचा विषय निघतो, आणि या तारखेच्या आधीचा कागद शोधायला सुरुवात होते. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४ मधली जन्माची नोंद, एखादा जुना फेरफार. म ठाकूर, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी जमातींच्या मुलांना ठाण्याच्या तपासणी समितीसमोर हेच मांडावं लागतं. भटक्या-विमुक्तांसाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला बसली तेव्हा तर मोडीतली दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

म्हणजे आपल्याकडे सरकारी कागद पंचाहत्तर-शंभर वर्षं सहज जगतो आणि नेमका म्हातारपणी कामाला येतो. सही करणारा केव्हाच गेलेला असतो, कचेरी दुसऱ्या इमारतीत हललेली असते, तरी त्या एका ओळीवर नातवाचा प्रवेश अडतो किंवा सुटतो. हे दप्तर आता संगणकावर गेलं आहे. त्याची राखण करणारं मुख्य कुलूप १९७७ मधलं आहे, आणि ते कसं उघडेल हे १९९४ मध्येच कागदावर मांडून झालं आहे. उघडणारं यंत्र, म्हणजे क्वांटम संगणक, तेवढं अजून तयार व्हायचंय.

शहापूर तालुक्यातल्या वाशिंदला नव्या-जुन्याची ही सरमिसळ चांगली दिसते. १ ऑक्टोबर १८५५ रोजी जीआयपी रेल्वे कल्याणहून इथवर आली आणि पुढची चार वर्षं वाशिंद हे या बाजूचं शेवटचं स्टेशन होतं. आसनगावला रूळ पोचायला फेब्रुवारी १८६० उजाडला. आज एकीकडे पोलादाचा कारखाना, महामार्गालगतची गोदामं, बिल्डरांच्या पाट्या, दुसरीकडे भातखाचरं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो, त्यामुळे गुंठ्याच्या भावाशिवाय इथं गप्पा पुढं सरकत नाहीत. अशा ठिकाणी सातबारा म्हणजे घरातला सगळ्यात मोलाचा कागद.

हा सातबारा आता पंधरा रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीसह डाऊनलोड होतो. तलाठ्याच्या (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या) सहीसाठी हेलपाटे नाहीत, शिक्का नाही. सहीच्या जागी गणित आहे. अधिकाऱ्याकडे पेन ड्राइव्हसारखा डोंगल असतो. कचेरीत सगळे त्याला ‘डीएससी’ म्हणतात. त्याच्या आत एक गुप्त संख्या असते आणि ती डोंगलबाहेर कधी पडत नाही. सही मात्र ती करते, आणि सही खरी की खोटी हे कुणालाही तपासता येतं. अर्थात सर्व्हर चालू असला तर.

इथं दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवायला हव्यात, कारण क्वांटमवरच्या बातम्यांत त्यांची नेहमी खिचडी होते. सातबारा गुपित नाही. कुणीही कुणाचाही बघू शकतो, आणि तसंच असायला हवं. तिथं प्रश्न आहे खरेपणाचा. आधार नोंदणीचं तसं नाही. तिथं बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं घेतली जातात आणि ती गुप्त राहणं हाच सगळा मुद्दा आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत एका आदिवासी महिलेला दिला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन मोहीम सुरू झाली आणि कातकरी वाड्यांवर आधारची शिबिरं लागली. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे ठसे घेत नाहीत. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी घ्यावे लागतात. त्या शिबिरात पाच वर्षांच्या ज्या पोरीनं यंत्रावर बोटं टेकवली, ती २०५० मध्ये एकतीस वर्षांची असेल. बोटं तीच असतील.

नोंदणीची माहिती केंद्रातून सर्व्हरकडे निघते तेव्हा कुलूपबंद असते. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारची सुनावणी चालू असताना आधार देणाऱ्या प्राधिकरणाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी पाच न्यायमूर्तींपुढे सादरीकरण केलं. पांडे महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी. २०४८ बिटांची एक चावी फोडायला जगातल्या सर्वात वेगवान संगणकालाही विश्वाच्या वयाहून जास्त काळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. ते चूक नव्हतं. पण ‘संगणक’ म्हणजे आज आपण ज्याला संगणक म्हणतो तोच, हे त्यात गृहीत होतं. क्वांटम संगणकानं हे कुलूप उघडायची रीत सांगणारा पीटर शोर यांचा शोधनिबंध त्या दिवशी चोवीस वर्षांचा झालेला होता.

आरएसए हे ते कुलूप. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये बसवलेलं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा आणि त्या दोन संख्या लपवायच्या. २०४८ बिटांचा गुणाकार म्हणजे ६१७ अंकी संख्या. गुणाकार करणं क्षणाचं काम, अवयव पाडणं आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचं. बेल लॅब्समधल्या शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की क्वांटम संगणक असेल तर हेच अवयव पाडणं सोपं होतं, कारण अवयवांच्या आड एक पुन्हा पुन्हा येणारी लय दडलेली असते आणि ती लय पकडणं क्वांटम यंत्राला साधतं. आरएसएच्या जागी आलेल्या एलिप्टिक कर्व्हच्या पद्धतीही त्याच दणक्यात जातात. माहितीचा मोठा गठ्ठा ज्यानं झाकतात ते एईएस-२५६ मात्र टिकतं. अडचण आहे ती एईएसची चावी पोचवणाऱ्या कुलपाची.

यंत्र कुठवर आलं आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरनं पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेबरोबर ६ क्युबिटांच्या (क्वांटम बिटांच्या) प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलनं १०५ क्युबिटांची ‘विलो’ चिप दाखवली. आरएसए-२०४८ फोडायला किती लागतील? २०१९ मध्ये गिडनी आणि एकेरा यांचा अंदाज होता दोन कोटी क्युबिट आणि आठ तास. मे २०२५ मध्ये त्याच क्रेग गिडनी यांनी नवा हिशेब मांडला: दहा लाखांपेक्षा कमी क्युबिट, एका आठवड्याच्या आत. यंत्र अजून लांब आहे, पण सहा वर्षांत गरजच विसाव्या हिश्शावर आली. गणितज्ञ गप्प बसत नाहीत, हा या धंद्यातला जुना अनुभव.

आणि चोरानं थांबायची गरज नाही. आज वाटेत पकडलेली कुलूपबंद माहिती साठवून ठेवायची, यंत्र मिळालं की उघडायची. कॅनडातल्या वॉटरलूचे मिशेल मोस्का यांनी याचा साधा हिशेब घालून दिला आहे: माहिती जितकी वर्षं गुप्त राहायला हवी ती, अधिक कुलपं बदलायला लागणारी वर्षं, ही बेरीज यंत्र यायला लागणाऱ्या वर्षांहून जास्त भरली, की उशीर झालाच. ज्या तालुक्यात १९५०चा कागद आज लागतो, तिथं पहिली संख्या काय धरायची ते वाचकांनीच ठरवावं.

*

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. आरएसएच्या पाठोपाठ, १९७८ मध्येच, दुसरं एक कुलूप तयार झालं होतं. ते शोर यांच्या रीतीनं उघडत नाही. त्याचा पाया चुकांवर आहे.

वाशिंद स्टेशनबाहेरच्या कुठल्याही टपरीवर यूपीआयचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तेलाचे डाग, एक कोपरा उडालेला, वर कुणी तरी पेनानं आकडेमोड केलेली. तरी स्कॅन होतो. त्या चौकटीत मूळ माहितीबरोबर जादा माहिती अशा बेतानं भरलेली असते, की सर्वात मजबूत प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी बाकीच्यावरून तो भरून काढता येतो. या शास्त्राला कोडिंग थिअरी म्हणतात. आधार क्रमांकाचा बारावा अंकही त्याच कुळातला: तो आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अदलाबदल झाले तर यंत्र लगेच ओळखतं.

हे कसं घडतं ते हातानं करून बघण्यासारखं आहे. बेल लॅब्सच्या रिचर्ड हॅमिंग यांची १९५०ची रीत घ्या. १, ०, १, १ हे चार अंक पाठवायचे आहेत. सात जागा आखा आणि हे चार अंक तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या जागी बसवा. पहिली, दुसरी आणि चौथी जागा तपासनिसांची. पहिल्या जागेवरचा तपासनीस १, ३, ५, ७ या जागांवर लक्ष ठेवतो. दुसरीवरचा २, ३, ६, ७ वर. चौथीवरचा ४, ५, ६, ७ वर. प्रत्येकाच्या ताब्यातल्या एकांची संख्या सम हवी. हिशेब केला की शब्द बनतो ०११००११. समजा वाटेत पाचवा अंक उलटला आणि पोचलं ०११०१११. पहिल्याच्या ताब्यात तीन एक: बिघाड. दुसऱ्याच्या ताब्यात चार: ठीक. चौथ्याच्या ताब्यात तीन: बिघाड. तक्रार १ आणि ४ या जागांची, बेरीज ५. पाचवा अंक परत उलटा करा, मूळ शब्द हातात. पाचवीतलं पोरही हे करू शकेल.

या शास्त्राच्या पायाभरणीत एक मराठी नाव आहे आणि ते आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा, शिक्षण नागपूरला, पीएचडी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, राजचंद्र बोस यांच्या हाताखाली. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या त्रिकुटानं ऑयलरचा १७७ वर्षं टिकलेला तर्क खोटा ठरवला आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. तो किस्सा काही जणांना ठाऊक असतो. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी आणखी एक निबंध लिहिला, हॅडामार्ड मॅट्रिक्स वापरून चुका सुधारणारे कोड कसे बांधायचे यावर. त्याची बातमी झाली नाही. पण १९७१ मध्ये मरिनर ९ यानानं मंगळाभोवती फिरत चित्रं पाठवली ती याच कुळातल्या कोडात: सहा बिटांच्या प्रत्येक ठिपक्यासाठी ३२ बिटांचा शब्द, सात बिट वाटेत बिघडले तरी सुधारता येतील असा. श्रीखंडे पुढं मुंबई विद्यापीठात आले, गणित विभागाचे प्रमुख झाले, तिथल्या प्रगत अध्ययन केंद्राचे पहिले संचालक झाले आणि २०२० मध्ये १०२ वर्षांचे होऊन गेले. पवईच्या आयआयटीत सुधीर घोरपडे यांच्यासारखे गणितज्ञ आजही कोडांवर काम करतात. तेव्हा हा विषय आपल्याला सर्वस्वी परका नाही. वर्तमानपत्रांना तो परका आहे, एवढंच.

मरिनर ज्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं यान, तिथंच रॉबर्ट मॅकएलीस नावाचे गणितज्ञ काम करत होते. दूरच्या यानांचे क्षीण संदेश बिनचूक वाचणं हा त्यांचा रोजचा धंदा. १९७८ मध्ये संस्थेच्या अंतर्गत प्रगती-अहवालात त्यांनी जेमतेम तीन पानांचं टिपण दिलं. कल्पना अशी, की चुका सुधारण्याऐवजी आपणच मुद्दाम घालायच्या.

रशियन गणितज्ञ गोप्पा यांनी १९७० मध्ये कोडांचं एक कुटुंब शोधलं होतं. त्याची रचना माहीत असली तर चुका झटकन सुधारता येतात. मॅकएलीस यांनी असा एक कोड घेतला, त्याच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, स्तंभांची जागा उलटीपालटी केली आणि तो विस्कटलेला तक्ता जाहीर केला. हीच सार्वजनिक चावी. मूळ रचना स्वतःपाशी ठेवली. ती खासगी चावी. पाठवणाऱ्यानं ५२४ बिटांचा मजकूर त्या तक्त्यातून काढून १,०२४ बिटांचा करायचा आणि मग कुठलेही ५० बिट उलटे करून टाकायचे. ज्याच्याकडे मूळ रचना आहे तो पन्नासही चुका शोधून काढतो. बाकीच्यांपुढं नुसता गोंधळ. १,०२४ मधल्या ५० जागा किती प्रकारे निवडता येतात? उत्तर ८६ अंकी आहे.

त्याच वर्षी बर्लेकॅम्प, मॅकएलीस आणि फान टिलबोर्ग यांनी सिद्ध केलं, की कुठलाही रेखीय कोड समोर टाकला तर त्यातल्या चुका शोधणं ही संगणकशास्त्रातल्या सर्वात अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी एक आहे. यावरून मॅकएलीसचं कुलूप अभेद्य ठरतं असं नाही. गोप्पा कोड हा ‘कुठलाही’ कोड नव्हे, आणि सर्वात वाईट प्रकरण अवघड असलं म्हणून रोजचं प्रकरण अवघड असेलच असंही नाही. पण शोर यांना आरएसएत सापडली तशी लय इथं आजवर कुणाला दिसलेली नाही.

मग जगानं हे कुलूप का उचललं नाही? चावीच्या आकारामुळे. त्या तक्त्याचा आकार सुमारे ६७,००० बाईट. १९७७ मध्ये आलेला पहिला ॲपल टू संगणक ४ किलोबाईट मेमरीवर विकला जात होता. आरएसएची चावी एका ओळीत मावायची. बाजारानं सोयीचं निवडलं, मॅकएलीस ग्रंथालयात राहिलं.

तिथंही त्याला कुणी सुखानं राहू दिलं नाही. हल्ल्याची मूळ रीत प्रांज यांनी १९६२ मध्येच, म्हणजे कुलूप जन्माला यायच्या आधी, देऊन ठेवली होती: ज्यात चूक नाही अशा जागा अंदाजानं उचला आणि गणित सोडवा, नशीब साथ देईपर्यंत पुन्हा पुन्हा. पुढं अनेकांनी तिला धार लावली. २००८ मध्ये बर्नस्टाइन, लांगे आणि पीटर्स यांनी मूळ १९७८च्या आकाराचं कुलूप दोनशे संगणकांच्या ताफ्याला सुमारे आठवड्याचं काम आहे हे दाखवलं. उपाय काय? आकार वाढवा. कल्पना जागची हलली नाही. याच्याशी नव्या पिढीची तुलना करा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं क्वांटमपुढं टिकणाऱ्या पद्धतींची स्पर्धा लावली. तिच्या अखेरच्या टप्प्यांपर्यंत पोचलेलं ‘रेनबो’ २०२२ मध्ये वॉर्ड बेउलेन्स यांनी एका लॅपटॉपवर शनिवार-रविवारात मोडलं. त्याच वर्षी ‘साइक’ तासाभरात पडलं, तेही साध्या संगणकाच्या एका कोअरवर. क्वांटम यंत्राची वाटसुद्धा पाहावी लागली नाही. सत्तेचाळीस वर्षं मार खाऊन उभं राहिलेलं गणित आणि कालपरवाचं चलाख गणित यांत निवड करायची झाली, तर मी पहिल्याच्या बाजूनं आहे.

*

चावीच्या आकाराचं दुखणं पुण्यातही हाताळलं गेलं. पाषाणच्या आयसरमध्ये उपेंद्र कपशीकर आणि अयान महालनोबीस यांनी २०१८ मध्ये क्वांटमपुढं टिकणाऱ्या नीडरायटर पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हाराल्ड नीडरायटर यांनी १९८६ मध्ये मॅकएलीसचीच कल्पना उलट्या अंगानं मांडली होती: मजकूर शब्दात ठेवण्याऐवजी चुकांमध्येच ठेवायचा आणि तपासनिसांच्या तक्रारी तेवढ्या पाठवायच्या. पुण्याच्या जोडीनं गोप्पा कोड बाजूला ठेवून क्वासी-सायक्लिक कोड घेतले. त्यांच्या तक्त्यात एक ओळ दिली की पुढच्या ओळी तिलाच एकेक घर सरकवून मिळतात, म्हणून सगळा तक्ता साठवायची गरज राहत नाही. चावी लहान होते, मजकूरही जास्त मावतो.

पण रचना आली की लय येण्याचा धोका आला. २०११ मध्ये दिन्ह, मूर आणि रसेल यांनी दाखवलं होतं, की शोर यांच्या जातीचा हल्ला मॅकएलीस आणि नीडरायटरच्या काही प्रकारांवर आंधळा होतो. क्वांटम यंत्रानं नमुने कितीही घेतले तरी त्यांतून गुप्त रचनेबद्दल नावापुरतीही माहिती निघत नाही. कपशीकर आणि महालनोबीस यांनी आपल्या कोडांसाठी हीच गोष्ट सिद्ध केली. हे काम मोलाचं आहे, आणि त्याची मर्यादाही तिथंच आहे: एका जातीचा क्वांटम हल्ला चालत नाही म्हणून साधा बीजगणिती हल्ला चालणार नाही असं ठरत नाही. क्वासी-सायक्लिक रचना वापरून चावी आखूड करणारे आधीचे काही प्रस्ताव २०१०च्या आसपास साध्या संगणकांवरच मोडले गेले. आखूड चावीचा मोह या शास्त्राला फार महागात पडलेला आहे.

१३ ऑगस्ट २०२४ रोजी एनआयएसटीनं पहिली तीन मानकं जाहीर केली: चावी पोचवण्यासाठी एमएल-केम, सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. पहिल्या दोघांचा पाया जालकांचं (लॅटिसचं) गणित. एकाच गणितावर सगळा भरवसा नको म्हणून ११ मार्च २०२५ रोजी राखीव गडी निवडला गेला, एचक्यूसी. तो कोडांच्या कुळातला. त्यातही क्वासी-सायक्लिक रचना आहे, पण हुशारी अशी की चुका सुधारणारा कोड मुळात लपवलेलाच नाही. तो सगळ्यांसमोर उघडा असतो, त्यामुळे त्याची रचना शोधून काढण्यात कुणाचा फायदा नाही. त्याचं पक्कं मानक २०२७ मध्ये अपेक्षित आहे. ‘क्लासिक मॅकएलीस’ या नावानं उभ्या असलेल्या मूळ पद्धतीला मात्र एनआयएसटीनं तूर्त थांबवलं. चावी मोठी, आणि आयएसओकडे तिचं मानकीकरण स्वतंत्र चालू आहे, म्हणून. जर्मनीची बीएसआय ही सरकारी सुरक्षा संस्था तिचीही शिफारस करते.

चावी किती मोठी, ते शहापूर तालुक्यातल्याच डोळखांबच्या नेटवर्कवर मोजू. क्लासिक मॅकएलीसची सर्वात लहान चावी २,६१,१२० बाईटची, सर्वात मोठी १३,५७,८२४ बाईटची. सेकंदाला १०० किलोबिट इतकीच रेंज मिळाली, तर लहान चावी उतरवायला एकवीस सेकंद, मोठीला पावणेदोन मिनिटांहून थोडं जास्त. मोबाइलवर प्रत्येक पान उघडताना हे परवडणार नाही हे उघड आहे. तिथं एमएल-केमची १,१८४ बाईटची चावी बरी, आणि ब्राउझरांनी ती वापरायला सुरुवातही केली आहे. पण आधार नोंदणी केंद्राला सर्व्हरची सार्वजनिक चावी एकदाच उतरवून ठेवायची असते. नंतर प्रत्येक नोंदणीच्या वेळी कुलपाचा खर्च, लहान चावी असेल तर, फक्त ९६ बाईट. आरएसएला २५६ लागतात. एका एसएमएसमध्ये १४० बाईट मावतात. मॅकएलीसचं बंद पाकीट त्यातून जाऊन वर जागा उरते. जिथं चावी क्वचित बदलते आणि माहिती पन्नास वर्षं झाकून ठेवायची असते, तिथं हे अजागळ दिसणारं जुनं कुलूपच योग्य, असं माझं मत आहे.

सहीच्या बाबतीत मात्र कोडांचं कुळ लंगडं. सही करण्यासाठी कोडांवर आधारलेल्या पद्धती आल्या, पण त्या एक तर फार जड किंवा अल्पायुषी ठरल्या. त्यामुळे सातबाऱ्यासाठी दुसरीकडे बघावं लागतं. एसएलएच-डीएसए नुसत्या हॅशच्या, म्हणजे मजकुराचा आखूड ठसा काढणाऱ्या गणिताच्या, भरवशावर उभं आहे, म्हणून दीर्घकाळासाठी मला तेच जास्त पटतं. त्याची सर्वात लहान सही ७,८५६ बाईटची. सातबाऱ्याच्या पीडीएफमध्ये आठ किलोबाईट वाढले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आधारपत्रावरच्या क्यूआर कोडचं तसं नाही. त्यात नाव, पत्ता, फोटो आणि २०४८ बिटांची सही कोंबलेली असते, आणि सर्वात मोठ्या क्यूआर कोडमध्ये मावतात २,९५३ बाईट. एसएलएच-डीएसए तिथं शिरतच नाही. एमएल-डीएसएची लहानात लहान सही २,४२० बाईटची. ती शिरली तर फोटोसह बाकी सगळ्याला पाचशे बाईट उरतात. फाल्कन नावाच्या, मानक व्हायच्या बेतात असलेल्या पद्धतीची सही साडेसहाशेच्या थोडी वर जाते, ती बसेल. छापून वाटलेली कोट्यवधी आधारपत्रं घरोघर लॅमिनेट होऊन कपाटात पडली आहेत, त्यांचं काय करायचं हा प्रश्न गणिताचा नाही, कारभाराचा आहे.

केंद्र सरकारनं १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यात संगणक आहेत, संवेदक आहेत, प्रकाशकणांनी चावी पोचवणारी यंत्रणा आहे. उद्घाटनाला शोभतील अशा वस्तू. जुन्या सॉफ्टवेअरमधलं एक कुलूप काढून दुसरं बसवण्याच्या कामाला फीत कापता येत नाही, फोटो निघत नाही, म्हणून ते मागं पडण्याची मला भीती वाटते. त्यासाठी आधी यादी लागते: तालुक्याच्या कोणत्या कचेरीत, कोणत्या यंत्रात, कोणतं कुलूप आहे. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र, सेवा केंद्रातला ठसे घेणारा स्कॅनर, दुय्यम निबंधकाचा संगणक, तलाठ्याचा डोंगल. यातल्या पुष्कळ वस्तूंमध्ये अल्गोरिदम चिपमध्येच कोरलेला असतो. तो अपडेटनं बदलत नाही, वस्तूच बदलावी लागते.

एनआयएसटीच्या नोव्हेंबर २०२४च्या मसुद्यानुसार आरएसए-२०४८ ची पत २०३० नंतर उतरणार आणि २०३५ नंतर ते चालणारच नाही. आपल्याकडच्या डीएससी प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे शहापूर आणि मुरबाडच्या प्रत्येक अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र २०३५ च्या आत तीनदा तरी नव्यानं घ्यावं लागणारच आहे, तो खर्च असाही ठरलेला आहे. महसूल खात्यानं डोंगलच्या पुढच्याच खरेदीच्या निविदेत एक अट घालावी: क्वांटमपुढं टिकणाऱ्या सहीचं मानक या डोंगलवर चाललं पाहिजे.